अंड्याची जात

१ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला, मुख्यालय आमच्या कोळगावात आलं, आणि तेव्हापासून इथली जमीन काही निवांत झोपलेली नाही. आज इथं चर, उद्या तिथं पाया. गेल्या पावसाच्या तोंडाला वस्तीमागं गटार खणताना कुजक्या पेंढ्याखाली ११ अंडी निघाली. पांढरी, लांबट, एकमेकांना डकलेली. कवच टणक नाही, ओल्या चामड्यासारखं.

पहिला सवाल काय आला असेल? ‘नागाची का धामणीची?’ धामणीची असतील तर फेका, नागाची असतील तर ठेचा. हेच लोक पंचमीला दूध घेऊन वारुळाकडं जातात. साप दूध पीत नाही, ते सोडा. पण नुसत्या अंड्याकडं बघून जात सांगता येत नाही, दोस्तांनो. घोणस अंडी घालतच नाही, थेट पिल्लं देते. म्हंजे घोणशीची नाहीत, एवढंच छातीठोक सांगता येत होतं. नागीण अंड्यांपाशी थांबते म्हणतात, पण पोकलेनच्या धडधडाटात कोण थांबणार?

आमचा एक कार्यकर्ता मित्र तापला. म्हणाला, ‘बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात नाग लोकांचा इतिहास सांगितला. ही अंडी वाचलीच पायजेत.’ मी म्हटलं, गड्या, बाबासाहेब माणसांबद्दल बोलले. ह्या अंड्यांना इतिहास नको, ओल पायजे. उन्हात पडलीत.

वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन लावला. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं साप किंवा त्याची अंडी आपण घरी ठेवू शकत नाही. वनरक्षक आला, सोबत सर्पमित्र. पोरगा आमच्यासारखाच, कारखान्यात पॅकिंगला. त्यानं आधी खिशातून पेन्सिल काढली आणि प्रत्येक अंड्याच्या वरच्या अंगाला ठिपका दिला. कोंबडी अंडी फिरवत राहते, सापाचं अंडं फिरवायचं नसतं. आतला जीव कवचाच्या आतल्या अंगाला धरून वाढतो. अंडं उलटलं की तो मरू शकतो. म्हणून डकलेला गठ्ठाही सोडवला नाही. ठिपके वर ठेवून तसाच डब्यात, काथ्याच्या भुशावर.

सुट्टीच्या दिवशी मी बघायला जायचो. भुशात हात घातला अन् म्हटलं, ‘कोरडा आहे रे.’ मी साचेखात्यातला माणूस. हवा सुकली की सूत तटातट तुटतं आणि पगारातून आमचं पोट तुटतं. कातडीनं ओल मोजायची सवय आहे. तीन अंड्यांना खड्डे पडले होते. बघणारे म्हणाले, गेली. पोरानं अंड्यांवर थेंब न पाडता कडेनं भुसा भिजवला. मूठ दाबली तर पाणी गळू नये, एवढाच. चार दिवसांत दोन अंडी पुन्हा फुगली. तहानली होती, मेली नव्हती.

मग मेलेलं ओळखायचं कसं? आमची आये खुडूक कोंबडी बसवायची तेव्हा अंडं उन्हासमोर धरायची. इथं उचलायचं नाही, मोबाईलची बॅटरी अंधारात कवचाला लावायची. लालसर शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे. नुसता पिवळा उजेड दिसला तर शंका. बुरशी मात्र फसवते, शेजारच्या नासक्या अंड्यावरून जित्यावरही चढते. ती कोरड्या कापसानं टिपायची. पोराचा नियम मला आवडला: शंका असलेलं अंडं टाकायचं नाही. नासकं असेल तर ते स्वतःच वासानं सांगेल. दोन अंड्यांनी तसं सांगितलं.

दोन महिने होत आले तेव्हा कवचांना चिरा पडल्या. पिल्लू तोंडाच्या टोकावरच्या बारक्या दातानं कवच कापतं, डोकं बाहेर काढतं आणि दिवसभर तसंच बसून राहतं. ओढून काढायचं नाही, पोटातला बलक जिरत असतो. आठ निघाली. एक राहिलं, सगळ्यात गुबगुबीत, पांढरंफेक, ज्याचं सगळे कौतुक करत होते. आठवडा वाट बघून फोडलं तर आत पुरं घडलेलं पिल्लू, मेलेलं.

आठही धामणीची. वनरक्षकानं नोंद करून ती वस्तीपासून लांब, भाताच्या बांधावर सोडली. ठेचा म्हणणारा शेजारी खूश. ‘धामण शेतकऱ्याची मैत्रीण. उंदीर खाते.’

मी विचारलं, ‘दादा, उंदीर तर नागही खातो. नागाची निघाली असती तर?’

त्यानं बिडी पेटवली. ‘तेव्हाचं तेव्हा,’ म्हणाला.