ट्रंक पुन्हा माळ्यावर

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी आमच्या घरी दोन किलो कुंदा आला होता. २०२२ चा मे महिना. ६२५ पैकी ६०१! तेही मराठी माध्यमातून, आणि शिकवणी फक्त गणिताची. शहापुरातल्या आमच्या गल्लीत त्या दिवशी आमच्याच घराचा विषय होता. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. ह्यांनी उद्यमबागेतल्या फौंड्रीत सगळ्यांना कुंदा वाटला. आणि मी पतसंस्थेच्या काउंटरवर बसून, येणाऱ्या प्रत्येक खातेदाराला, त्याने विचारो वा न विचारो, आकडा सांगत होते.

जिचा निकाल लागला होता, ती मात्र संध्याकाळी पाहुणे आले तेव्हा न्हाणीघरात होती. आतून कडी लावून. उलट्या करत होती.

"पित्त झालंय तिला," असे मी पाहुण्यांना सांगितले.

खरे म्हणजे ते पित्त नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते. आठवीपासून परीक्षा जवळ आली की तिची बोटे गार पडायची, जेवण निम्म्यावर यायचे. "आई, मला सगळं येतं गं, पण पेपर हातात आला की कानात शिट्टी वाजते," असे ती म्हणायची. वहीत एक खाडाखोड झाली तर ती अख्खे पान पुन्हा लिहून काढायची. शिक्षक म्हणायचे, फार सिन्सियर मुलगी आहे. आम्हीही आल्यागेल्याला तिची वही दाखवायचो, अक्षर बघा कसे मोत्यासारखे! ते मोती ती रात्री बारापर्यंत जागून, ओठांची साले काढत ओवते आहे, हे मात्र कुणाला सांगत नव्हतो.

निकालानंतर दोनच दिवसांनी हुबळीहून वन्सं आल्या. त्यांचा मुलगा परजिल्ह्यातल्या एका निवासी कॉलेजात पीयूसीला होता. "वैनी, हिला इथं ठेवून वाया घालवू नका. तिथं दोन वर्षं काढली की मेडिकल पक्कं. आयुष्याचं सोनं होईल पोरीचं," असे त्यांनी सांगितले. त्यांच्या बोलण्यात कळकळ होती, हे आजही मी नाकारत नाही.

आम्ही तिघे ते कॉलेज बघायला गेलो. मोठी इमारत, स्वच्छ मेस, शिस्त तर विचारूच नका. पहाटे साडेचारला घंटा, रात्री साडेदहापर्यंत अभ्यासिका, दर रविवारी टेस्ट, घरी फोन आठवड्यातून एकदा, दहा मिनिटे. मेसच्या दारातच फळ्यावर सगळ्यांचे रँक लावलेले. "प्रत्येक टेस्टनंतर आम्ही सेक्शन बदलतो. वरचे खाली, खालचे वर. त्यामुळं पोरं जागी राहतात," असे तिथल्या गृहस्थांनी अभिमानाने सांगितले. खोटे कशाला सांगू, मला ते सगळे आवडले! मी स्वतः बारावी सायन्स केलेली, माझे मेडिकल थोडक्यात हुकलेले. त्या फळ्यावर वरून तिसऱ्या-चौथ्या ओळीत मला माझ्या लेकीचे नाव दिसू लागले. त्याच दिवशी पंचवीस हजार भरून आम्ही जागा धरली.

घरी आल्यावर माळ्यावरची माझ्या वडिलांची ट्रंक खाली काढली. ह्यांनी तिला रंग दिला, वर लेकीचे नाव घातले. बेडशीट, बादली, थर्मास, सगळी खरेदी झाली. ती काहीच बोलत नव्हती. मला वाटले, घर सोडायचे म्हणून जरा हिरमुसली असेल.

एका रात्री दोनच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठले, तर ही अंधारात त्या ट्रंकेवर बसलेली. मी दिवा लावला. ती म्हणाली, "आई, तिथं रात्री रडू आलं तर कुठं जायचं गं? खोलीत चौघी असतात."

माझ्याकडे उत्तर नव्हते. मला एवढेच कळले, की ही पोर रोज रात्री रडत असणार आणि आमच्या घरात तिला त्यासाठी जागा सापडलेली असणार.

सकाळी मी ह्यांना सांगितले. हे तसे कमी बोलणारे. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "कास्टिंग गरम असतानाच साच्यातून काढलं की तडकतं. घाई आपल्याला असते, लोखंडाला नसते." आणि कामाला निघून गेले.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी धारवाडच्या डिमहान्समध्ये दाखवून या म्हणून सांगितले. धारवाड म्हटले की आमच्याकडच्या जुन्या माणसांना दोनच गोष्टी आठवतात, पेढा आणि 'ते' हॉस्पिटल. सासूबाई कळवळून म्हणाल्या, "अगं, लोक काय म्हणतील? पुढं पोरीचं लग्न व्हायचंय." मी पेढे आणायला जातो असे सांगून तिला घेऊन गेले. येताना खरेच पेढे आणले!

तिथल्या डॉक्टरबाईंनी मला बाहेर बसवले आणि तिच्याशी बराच वेळ बोलल्या. मग मला आत बोलावून समजावले. हा नुसता लाजरेपणा किंवा नाटक नव्हे, ही चिंतेची तक्रार आहे, ती उपचाराने आटोक्यात येते. हुशार मुलांना ती होत नाही असे मुळीच नाही. उलट मार्क चांगले पडत असल्यामुळे घरच्यांच्या ती लवकर लक्षात येत नाही. दर पंधरा दिवसांनी समुपदेशनाला यायचे ठरले. कॉलेजचे विचारले तर त्या म्हणाल्या, "कुठलं ते मी सांगणार नाही. जिथं हिला सात तास झोप मिळेल आणि संध्याकाळी कुणाशी तरी मोकळं बोलता येईल, असं बघा."

मग पुन्हा शोध सुरू झाला, पण या वेळी वेगळ्या डोळ्यांनी. निकालाचे बोर्ड वाचायचे सोडून मी कॉलेजच्या कँटीनमध्ये बसू लागले. तिथल्या मुलींना विचारायचे, कितीला सुटता? टेस्टचे मार्क वर्गात मोठ्याने वाचतात का? एखादी नापास झाली तर सर काय म्हणतात? पहिल्या पीयूसीनंतर किती जणी कॉलेज सोडून गेल्या? ऑफिसात विचारायचे, सुरुवातीला विषय बदलून मिळतात का? मैत्रिणींनो, माहितीपत्रकात न छापलेल्या याच गोष्टी खऱ्या कामाच्या असतात.

शेवटी टिळकवाडीतले एक साधे, जुने कॉलेज आम्हाला पटले. 'आम्हाला' म्हणजे खरे तर तिला. तिथले फिजिक्सचे सर तिच्याशी बोलताना म्हणाले, "मराठी माध्यमातनं आलीस ना? पहिले तीन महिने जड जाणार. सगळ्यांनाच जातं. घाबरू नकोस." कुणीतरी आधीच सांगून टाकले, की जड जाणार आणि तरी चालेल! त्या एका वाक्याने तिचा चेहरा सैल झाला. आपल्या सीमाभागातल्या मुलांचे हे दुखणे बाहेरच्यांना कळत नाही. दहावीपर्यंत सगळे विज्ञान मराठीत, आणि अकरावीला एकदम इंग्रजीत. तिने एका वहीत दोन रकाने आखले. डावीकडे वेग, उजवीकडे व्हेलॉसिटी. डावीकडे चाल, उजवीकडे स्पीड. ती वही अजून आहे. हल्ली गल्लीतली दहावी झालेली मुले ती झेरॉक्सला नेतात.

भरलेले पंचवीस हजार परत मिळाले नाहीत. वन्सं पाच महिने फोनवर बोलल्या नाहीत. "हातची पोर वाया घालवलीत," हे त्यांचे शेवटचे वाक्य. त्यांचा मुलगा त्याच निवासी कॉलेजातून शिकून चांगल्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेला, आनंदात आहे. त्याला ती घंटा मानवली. आमच्या पोरीला मानवली नसती, एवढेच.

कॉलेज बदलले आणि चिंता पळाली, असे मात्र झाले नाही. केमिस्ट्रीच्या पहिल्या टेस्टला पंचवीसपैकी अकरा पडले, तेव्हा दोन दिवस ती खोलीतून बाहेर आली नाही. दुसऱ्या पीयूसीच्या पूर्वपरीक्षेला तर पेपर अर्धा टाकून वर्गाबाहेर आली. त्या फिजिक्सच्या सरांनीच तिला व्हरांड्यात बसवले, पाणी दिले आणि म्हणाले, "अजून चाळीस मिनिटं आहेत. वाटलं तर ये, नाही तर बस इथं." दहा मिनिटांनी ती उठली आणि आत गेली. पेपर पुरा झाला नाही, पण ती आत गेली! मला विचाराल तर मी त्याच दिवशी कुंदा वाटायला हवा होता.

सगळ्यात अवघड गेले ते माझे. धारवाडच्या बाईंनी मला सांगितले होते, महिनाभर 'किती पडले?' हा प्रश्न विचारायचा नाही. करून बघा, किती कठीण आहे ते! ती दारात आली की शब्द ओठावर यायचा. मग मी 'डबा संपवलास का?' असे विचारायची. तेव्हा कुठे लक्षात आले, की कॉलेज कमी ताणाचे शोधले तरी घरात एक फळा मीच लावून ठेवला होता, आणि त्यावर ती रोज वर-खाली होत होती.

मार्च २०२४ मध्ये तिची दुसऱ्या पीयूसीची परीक्षा झाली. त्याच वर्षीपासून कर्नाटकात पीयूसीला एका वर्षात तीन परीक्षांची सोय झाली. पहिल्या परीक्षेत मनासारखे झाले नाही तर त्या वर्षी दुसरी, तिसरी देता येत होती, आणि चांगले गुण तेच धरणार होते. तिच्यासारख्या मुलीला हे केवढे औषध! "म्हणजे एक पेपर बिघडला तर सगळं संपत नाही ना?" असे तिने मला तीनदा विचारले. तीनदाही मी नाही म्हणाले.

आता परिस्थिती पुष्कळ बदलते आहे. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने समुपदेशक नेमावा आणि गुणांवरून मुलांच्या वेगळ्या बॅच पाडू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. तेव्हा ॲडमिशनला जाल तेव्हा समुपदेशक कुठे बसतात, हे खुशाल विचारा. आणि रात्रीअपरात्री कुणाशी बोलावेसे वाटले तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा फोन चोवीस तास, फुकट आहे. आमच्या फ्रिजवर तो आकडा चिकटवलेला आहे. सासूबाईंनी आधी विचारले, कुणाचा नंबर हा? सांगितल्यावर गप्प बसल्या. पण त्यांनी तो काढला नाही.

पीयूसीचा निकाल एप्रिलमध्ये लागला. ६०० पैकी ५४१. शेजारच्या काकू म्हणाल्या, "दहावीला जास्त होते नाही?" वन्संचा फोन आला, "बरे पडले की!" तेवढे आम्हाला पुष्कळ होते. नीट द्यायची नाही, बी.एस्सी. करायची, हे तिने आधीच सांगितले होते. ते ऐकून माझ्या पोटात जे तुटले ते मी तिला दाखवले नाही. तिला ते दिसले असेलच. आता ती बी.एस्सी. करते आहे, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री अजूनही तिचे हात गार पडतात. पण आता तसे ती येऊन सांगते, आणि मी ते हातात घेऊन बसते.

निकालाच्या त्या संध्याकाळी ह्यांनी अर्धाच किलो कुंदा आणला. ट्रंक केव्हाच पुन्हा माळ्यावर गेली होती, आत दुलया भरून. पाहुणे कुणी नव्हते. देवापुढे वाटी ठेवून सासूबाई वळतात तोच लेकीने बोटाने एक घास उचलला.

"अगं, नैवेद्य तरी होऊ दे!" सासूबाई ओरडल्या.

"भूक लागलीय आज्जी," ती म्हणाली.