सोनारीची वाट आणि छोटी मोटार

बार्शी मागें टाकून परंड्याच्या रस्त्यास लागलें, कीं दोहों बाजूंस ज्वारीचीं उभीं रानें सुरू होतात. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही सोनारीस श्रीकाळभैरवनाथाच्या दर्शनास निघालों, तेव्हां डेट्रॉइटजवळ राहणारा आमचा पुतण्या बरोबर होता. वाहन आमचेंच, एका युरोपीय कारखान्याची बारा वर्षें वापरलेली छोटी मोटार. ती विकावी कीं ठेवावी, हा वाद घरांत वर्षभर चालला होता, आणि देवाच्या दारीं त्याचा निकाल लागावा असें आमच्या सौभाग्यवतींचें म्हणणें होतें.

सोनारी हें परंडे तालुक्यांतील लहानसें गांव. चैत्रांत यात्रा भरते. पण बारमाही यात्रेकरू म्हणजे तेथील माकडें! देवळाच्या आवारांत, दुकानांच्या पत्र्यांवर, सर्वत्र त्यांचेंच राज्य. आम्ही नारळ फोडून परततों तों एक दांडगें माकड मोटारीच्या आरशाला लटकून मुखावलोकन करीत होतें. आम्हांस पाहून त्यानें उडी घेतली, व आरसाही त्याच्याबरोबर खालीं आला.

शेजारच्या जीपगाडीचा चालक हळहळला. "आमच्या गाडीचा आरसा परंड्यात मिळतोय. तुम्हाला पुण्यालाच जावं लागतंय बघा, साहेब."

पुतण्या हंसूं लागला. "काका, अमेरिकेंत छोट्या युरोपीय गाड्या ह्याच दुखण्यानें गेल्या."

परतीच्या वाटेवर त्यानें हा विषय उलगडला. रेनॉ कंपनीची 'डोफिन' नांवाची चिमुकली मोटार १९५९ सालीं अमेरिकेंत सुमारें एक लाख खपली. परंतु तिचा जीव युरोपांतील गल्ल्यांपुरता. हिवाळ्यांत रस्त्यांवर टाकलेल्या मिठानें तिचा पत्रा गंजे, आणि दुरुस्तीस जाणता मिस्त्री सांपडेना. थोड्याच वर्षांत तो व्यापार कोसळला. फियाटनें १९८३ सालीं तेथून पाय काढला. २०११ सालीं तिची '५००' ही बाहुलीसारखी गाडी तेथें विकावयास आली, २०१२ सालीं त्रेचाळीस हजारांवर खपली, पुढें उतरत गेली, आणि २०१९ नंतर बंद झाली. 'स्मार्ट' ही दोन माणसांची गाडीही त्याच वर्षीं परतली.

मग छोटेपण हाच दोष म्हणावा काय? तसें नाहीं. फोल्क्सवागेनची 'बीटल' तर रूपानेंही वेडीविद्री; पण तिचे प्रमुख हाइन्झ नॉर्डहॉफ यांचा कटाक्ष असे कीं, विक्रीबरोबर सुटे भाग व शिकलेले कारागीरही हवेत. १९६८ सालीं ती अमेरिकेंत चार लाखांवर गेली. तथापि एरवीं त्या देशाची घडणच मोठ्या गाडीस अनुकूल. १९५६ च्या कायद्यानें एकेचाळीस हजार मैलांच्या राजमार्गांची योजना झाली. पेट्रोलवरील मध्यवर्ती कर १९९३ पासून गॅलनमागें अठरा सेंटांच्या आसपासच राहिला. इंधन स्वस्त, अंतरें लांब, आणि शेजारून धांवणारीं वाहनें ट्रकाएवढीं! तेथें तोकड्या गाडींत बसण्याचा धीर कोणास होणार?

आमच्याकडे मात्र उलटी गंमत झाली. सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या त्या कारखान्यांत आरंभीं अमेरिकेच्या क्रायस्लरच्या थोराड गाड्या जुळविल्या जात. पुढें इटालीच्या इवल्याशा फियाटनेंच घर व्यापलें. तिचीच 'पद्मिनी' झाली. मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून गेली. अरुंद गल्ल्या आणि महाग पेट्रोल हीं तिच्या यशाचीं कारणें खरींच. पण परवान्यांच्या काळांत गिऱ्हाइकास दुसरा पर्याय तरी कोठें होता? तिची मशिनरी मात्र तालुक्याचा मिस्त्रीही डोळे मिटून उकली. पर्याय वाढल्यावर रांजणगांवची 'पुंटो' व चाकणची 'पोलो' ह्या गुणी गाड्याही टिकल्या नाहींत. पोलो तर २०२२ सालीं थांबली.

"तूं स्वतः काय चालवतोस?" सौभाग्यवतींनीं विचारलें.

"ट्रकच, काकू," पुतण्या ओशाळून म्हणाला.

बार्शीच्या मिस्त्रीनें आरसा तारेनें आवळून बांधला, आणि "देवाहून आलात" म्हणून पैसे घेतले नाहींत. विकण्याची गोष्ट त्यानंतर घरांत कोणी काढलेली नाहीं. मोटार दारांत उभी आहे, तार अद्याप तशीच आहे.