सेन्सर काढण्याआधी

गाडीचा अलार्म रात्री-अपरात्री कोकलायला लागला की सेन्सर काढून टाकावा, या मताचा मी कित्येक वर्षं होतो. रत्नागिरीत ऑटो इलेक्ट्रिकलची कामं करतो. शेजाऱ्यांची बोलणी खाऊन वैतागलेलं गिऱ्हाईक यायचं. मी डॅशबोर्डखालच्या, गाडीला बसलेला धक्का टिपणाऱ्या शॉक सेन्सरचा स्क्रू फिरवून त्याची संवेदनशीलता कमी करायचो, तेवढ्यानं भागलं नाही तर कनेक्टरच काढून ठेवायचो. सेंट्रल लॉक चालू राहायचं, गिऱ्हाईक खूश. वस्तीत अलार्म वाजला तरी कुणी उठून बघत नाही, मग ती कटकट हवी कशाला, असं मला मनापासून वाटायचं.

माझं मत बदललं ते एका गाडीमुळे. शॉक सेन्सर काढूनही ती वाजायची, आणि तीही पहाटेच. मग बॉनेटच्या स्विचकडे वळलो. बॉनेट मिटलं की त्याची दांडी दाबली जाते आणि संपर्क तुटतो, उघडलं की जुळतो. रबरी टोपी फाटलेली होती, आत हिरवट गंज. वायर सोडवून दांडी अंगठ्यानं दाबून धरली आणि मीटर लावला. आकडा दिसायलाच नको होता, पण काही हजार ओहम दिसत होते आणि दांडी जरा हलली की बदलत होते. खाऱ्या हवेनं आतून खाल्लेला स्विच पहाटेच्या दवानं ओला व्हायचा आणि अलार्मला बॉनेट उघडल्याचा इशारा जायचा. स्विच बदलला, शॉक सेन्सर परत जोडला. गाडी शांत झाली.

तेव्हापासून मी आधी विचारतो, कधी वाजतो? पावसात वाजत असेल तर दाराचे आणि बॉनेटचे स्विच बघायचे. गाडी दोन-चार दिवस उभी राहिल्यावर वाजत असेल तर बॅटरी मोजायची. चार्ज असलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली गेली की काही अलार्म तो पडलेला दाबच छेडछाड समजतात. भोंग्यात स्वतःची छोटी बॅटरी असेल तर ती जुनी झाल्यावर भोंगा आपणहून ओरडू शकतो. केबिनमध्ये अल्ट्रासोनिक सेन्सर असेल, तर तो साधारण ४० किलोहर्ट्झच्या लहरी सोडून आतली हालचाल टिपतो. काच बोटभर उघडी राहिली, आरशाला माळ लोंबत असली किंवा सेन्सरच्या तोंडाशी कोळी फिरला तरी त्याला ती हालचालच वाटते. बऱ्याच अलार्ममध्ये शेवटचा इशारा कुठून आला ते दिवा ठरावीक वेळा लुकलुकून सांगतो. पुस्तिकेत त्याचा तक्ता असतो, पण ते पान उघडून बघितलेला गाडीमालक मला क्वचितच भेटला. एका वेळी एकच सेन्सर सोडवून गाडी रात्रभर ठेवली तरी दोष सापडतो. वेळ लागतो, आणि त्या वेळाचे पैसे मागायला मी आता कचरत नाही.

कारण नसताना वाजणाऱ्या अलार्मनंच आळीला न उठायची सवय लावली आहे, आणि ती लावण्यात मूळ दोष न शोधणाऱ्या आम्हा कारागिरांचा मोठा वाटा आहे, असं माझं आता ठाम मत आहे. तुमची गाडी विनाकारण वाजली तर वेळ, पाऊस, काचा आणि गाडी किती दिवस उभी होती एवढं लिहून ठेवा आणि तो कागद इलेक्ट्रिशियनच्या हातात द्या. सेन्सर काढायला सांगू नका.