रोजच्या ताटाला पंगतीचं माप नको

लंडनमध्ये आईबाबा दोघंही नोकरी करत असतील, तर संध्याकाळ एकाच प्रश्नावर येऊन अडते: आज जेवायला काय? शाळा साडेतीनच्या सुमारास सुटते. मग मुलं आफ्टरस्कूल क्लबात, आणि मोठी माणसं ट्यूबमधून घरी पोचेपर्यंत साडेसहा-सात होतात. आठ-साडेआठला मुलांना झोपवायचं असतं. मधल्या तासाभरात पोळी, भाजी, वरण, भात, कोशिंबीर असं भरलं ताट मांडायचा हट्ट धरायचा, ते जमलं नाही की बाहेरून मागवायचं आणि पुन्हा मनाला लावून घ्यायचं, हे अनेक मराठी घरांत चालू असतं. वेळ कमी पडतो हे खरंच आहे, पण माझ्या मते मूळ अडचण आपण धरलेल्या मापात आहे. डावी-उजवी बाजू वाढलेलं ताट सणाचं, पंगतीचं. कष्टकरी घरांच्या रोजच्या जेवणाला ते माप कधी लावलंच जात नव्हतं.

यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्हा तालुक्यातलं बोरी अरब घ्या. हा कापूस, तूर, सोयाबीनचा मुलूख. निंदण आणि वेचणीच्या दिवसांत बाया सकाळीच वावरात जातात आणि दिवस कलला की परततात. नोकरदार आईची ओढाताण लंडनमध्ये सुरू झालेली नाही; मजुरीला जाणाऱ्या बाईनं ती आपल्या कितीतरी आधी सोसली आहे. तिच्या घरचं रात्रीचं जेवण म्हणजे भाकर आणि सोबत एकच पदार्थ: घट्ट वरण, बेसन, आलू-वांगं, डाळभाजी नाहीतर मुगवड्यांचा रस्सा. तोंडी लावायला ठेचा, कांदा, जवसाची चटणी. ताटात पदार्थ थोडे असले तरी वर्षभरात वैविध्य भरपूर असे, कारण ते ऋतूबरोबर येई: हिवाळ्यात तुरीचे सोले, पावसाळ्यात रानभाज्या, मग अंबाडी. आणि रात्रीचा स्वयंपाक त्या रात्रीच सुरू होत नसे. वड्या उन्हाळ्यातच वाळवलेल्या, डाळ भरडून ठेवलेली, तिखट कुटून डब्यात भरलेलं. संध्याकाळी फक्त शेवटचा हात फिरवायचा असे.

ही रचना लंडनमध्ये जशीच्या तशी चालते. इथं वाळवणाचं काम फ्रीजर करतो. रविवारी कुकरला पाच-सहा वाट्या तुरीची डाळ लावून, ती उथळ डब्यांत गार करून गोठवली की आठवड्याचा पाया तयार. (इथं तेल लावलेली तूरडाळ बरीच मिळते, ती आधी कोमट पाण्यानं दोन-तीनदा चोळून धुवावी, नाहीतर वरणाला तेलाचा वास राहतो.) वेम्बलीच्या गुजराती दुकानांत तुरीचे ओले दाणे गोठवलेले, बारा महिने मिळतात, तेच आपले सोले. गोठवलेला पालक, शिजलेली डाळ आणि मूठभर शेंगदाणे घातले की डाळभाजी होते. बेसनाला जेमतेम पंधरा मिनिटं लागतात. वरणफळांना तर पोळी-भाजी वेगळी करावीच लागत नाही: कणकेची पोळी लाटून तिचे शंकरपाळ्याएवढे काप करायचे, पातळसर वरणाला खळखळून उकळी आली की एकेक काप सोडायचा, म्हणजे ते एकमेकांना चिकटत नाहीत, दहा मिनिटांनी वरून लसणाची फोडणी. ज्वारीचं पीठ जुनं असलं तर भाकर थापताना फाटते, म्हणून ते कढत पाण्यात भिजवावं. तेही जमत नसेल त्या दिवशी भात करावा. प्रत्येक वाराला एक पदार्थ ठरवून टाकला की रोज संध्याकाळचा निर्णयच उरत नाही, आणि थकल्या माणसाला चुलीपेक्षा निर्णयच जास्त जड जातो.

पैशाचं गणितही याच बाजूनं आहे. ब्रिटनमध्ये डाळ, पीठ, तांदूळ, भाजी यांच्यावर व्हॅट शून्य आहे, तर बाहेरून आणलेल्या गरम जेवणावर २० टक्के. म्हणजे दुकानदाराचे कष्ट, भाडं आणि नफा यांच्यावर करही आपणच भरतो. शिवाय सप्टेंबर २०२३ पासून लंडनच्या सरकारी प्राथमिक शाळांत सगळ्या मुलांना दुपारचं जेवण मोफत मिळतं. दिवसाचं सगळं पोषण रात्रीच्या एका ताटात कोंबण्याची गरज त्यामुळे आणखी कमी झाली आहे.

यावर पहिला आक्षेप पोषणाचा. तो रास्त आहे. नुसत्या भाकरीवर पोट भरणं ही गरिबीची मजबुरी होती आणि तिचं कौतुक करायचं कारण नाही. पण उपाय सोपा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून जास्त नसावी. म्हणून वरण दाट ठेवावं, सोबत अंडं किंवा दही द्यावं आणि काकडी-गाजर चिरून पुढ्यात ठेवावं. धान्यात कमी असलेलं लायसिन डाळ भरून काढते, म्हणून ही जोडी मुळात भक्कम आहे. दुसरा आक्षेप शिळ्या अन्नाचा. गार करून लगेच गोठवलेली डाळ शिळी होत नाही. भाताला मात्र जपावं: तो तासाभरात गार करून फ्रीजमध्ये ठेवावा आणि चोवीस तासांत संपवावा, असा इथल्या अन्न विभागाचा सल्ला आहे. मुलं कंटाळतील, हा तिसरा. ओळखीचं जेवण मुलांना सहसा आवडतं; नवलाईची हौस बहुधा मोठ्यांना असते, आणि तिच्यासाठी शनिवार-रविवार आहेत.

सगळ्यात गंभीर आक्षेप वेगळाच आहे. गावाकडची ती व्यवस्था बाईच्या कष्टांवर उभी होती, मग तिचे गोडवे का गावेत? भारताच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच जेमतेम चौथा हिस्सा होते. ही विषमता विमानात बसून आपल्याबरोबर परदेशात येते. म्हणूनच साधं ताट महत्त्वाचं आहे. पाच पदार्थांचा स्वयंपाक ज्याला येतो त्याच्याच गळ्यात पडतो, आणि घरोघरी ती बहुधा आईच असते. डाळ फोडणीला टाकणं, बेसन ढवळणं, वरणफळांचे काप वरणात सोडणं बाबांना आठवड्याभरात येईल, दहा वर्षांच्या मुलालाही हळूहळू येईल. तेव्हा वारांची यादी करताना प्रत्येक पदार्थासमोर तो कोण करणार त्याचं नावही लिहावं, आणि त्यात आईचं नाव दोनदापेक्षा जास्त येऊ देऊ नये. काम वाटलं गेलं नाही, तर साधं ताटही एकीलाच जड होईल.