बघणारे डोळे

आज भाचीने पहिल्यांदाच पाहुण्यांसमोर ज्वारीची भाकरी थापली. एकटी असली की ती बरी थापते. आज चारजणी बघताहेत म्हटल्यावर कड चिरली आणि तव्यावर टाकताना भाकरी मधोमध तुटली. शेजारी आत्या मात्र परातीकडे न बघता, गप्पा मारत थापत होत्या; बायका जमल्यावर त्यांचा हात उलट जास्तच भराभर चालायला लागला.

रॉबर्ट झायॉन्त्स या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली हेच मांडलं: भोवती माणसं असली की अंगवळणी पडलेलं काम आणखी सफाईने होतं, नवं बिघडतं. १९६९ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी झुरळांवर प्रयोग केला. दुसरी झुरळं बघत असताना सरळ वाटेवर ती वेगाने पळाली, वळणाच्या वाटेवर रेंगाळली. झुरळांना कसली आलीय लाज! म्हणजे हे लाजण्याबुजण्याच्याही खालचं काहीतरी आहे.

म्हणूनच शिकणाऱ्या मुलाला वर्गासमोर उभं करून पाढे म्हणायला लावतात, तेव्हा माझा जीव तुटतो. सतराच्या पाढ्यात तो अडखळतो आणि लगेच ‘पाठांतर नाही’ असा शेरा मिळतो. घरी आईपाशी तोच पाढा त्याने घडाघडा म्हटलेला असतो.