हाती नारळ देताना

मराठी भाषेत नारळाची मोठी चमत्कारिक गती झाली आहे. शालीबरोबर हातात ठेवला म्हणजे तो 'श्रीफळ' होतो आणि मानाचे चिन्ह ठरतो; शालीवाचून दिला म्हणजे 'त्याला नारळ दिला' असे लोक म्हणतात, आणि त्या बिचाऱ्याला कामावरून काढून टाकले असा त्याचा अर्थ होतो. फळ एकच, देणारा हातही पुष्कळदा एकच. परंतु एकात मान आहे आणि दुसऱ्यात अवमान. कोकणातील नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी शाळामास्तरकी करण्यात माझी पस्तीस वर्षे गेली. जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि एका शास्त्रीबोवांच्या पायाशी बसून मिळविलेले थोडे संस्कृत, एवढ्याच पुंजीवर हा संसार झाला. ह्या काळात शिक्षकांच्या व शाळेतील इतर सेवकांच्या निवृत्तीचे समारंभ मी पुष्कळ पाहिले. माझाही एक होऊन गेला. ते आठवताना कधी कधी मनात येते की, आपण नाव श्रीफळाचे घेऊन दुसऱ्याच प्रकारचा नारळ तर देत नाही ना?

निवृत्तीच्या दिवसाचेच पाहा. नियम असा की, माध्यमिक शाळेतील शिक्षकाने अठ्ठावन्नाव्या व शिपायाने साठाव्या वर्षी निवृत्त व्हावे, आणि ते वय ज्या महिन्यात पूर्ण होईल त्याच्या अखेरच्या दिवशी कार्यभार सोडावा. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला मात्र आदल्या महिन्याच्या अखेरीसच बाहेर पडतो. आता आपल्याकडील जुन्या पिढीत १ जून रोजी जन्मलेल्यांची संख्या पाहिली, म्हणजे ब्रह्मदेवाने त्या दिवशी विशेष श्रम घेतले असावेत असे वाटेल! खरी गोष्ट अशी की, मुलास शाळेत घालावयास आणणाऱ्या आईबापांना कित्येकदा जन्मतारीख सांगता येत नसे. मग शाळा उघडण्याच्या सुमाराची १ जून ही तारीख गुरुजीच आपल्या हाताने लिहून टाकीत. टाकाच्या त्या एका फटकाऱ्यासरशी त्या मुलाच्या निवृत्तीचाही दिवस ठरून जाई: ३१ मे. आणि त्या दिवशी शाळेस उन्हाळ्याची सुट्टी! ज्या मुलांसाठी आयुष्य वेचले ती त्या वेळी आजोळी आंबे खात असतात, आणि हा गृहस्थ रिकाम्या इमारतीत कपाटाच्या किल्ल्या मोजून देत असतो.

समारंभ एप्रिलात उरकून घेतला तरी भाषणांचा मासला ठरलेला असतो. 'मनमिळाऊ', 'शिस्तप्रिय' आणि 'विद्यार्थिप्रिय' ही तीन विशेषणे आळीपाळीने सर्व वक्ते वापरतात. नाव बदलले की तेच भाषण पुढच्या वर्षी दुसऱ्यास चालते. व्याकरणात आम्ही मुलांना असे शिकवितो की, विशेष्याला इतरांपासून वेगळे काढणे हेच विशेषणाचे काम. जे सर्वांना सारखेच लागू पडते ते विशेषण नव्हे. ती नुसती शोभा. तीस वर्षांच्या सेवेची परतफेड शोभेने कशी व्हावी?

परतफेड हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. सत्कार हे दान नव्हे, ते ऋण फेडणे आहे. आणि ऋण म्हटले की ते मोजावे लागते. कालिदासाने 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात वरतंतु ऋषींच्या कौत्स नामक शिष्याची कथा सांगितली आहे. विद्या पुरी झाल्यावर कौत्स दक्षिणेविषयी विचारू लागला, तेव्हा गुरूंनी सांगितले की, तू भक्तीने केलीस ती सेवाच मला पुरे. तरी तो हट्टास पेटला; मग गुरूंनी रागावून चौदा विद्यांबद्दल चौदा कोटी सुवर्ण मागितले. कौत्स रघुराजाकडे गेला, तो राजाने विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन टाकलेले. अतिथीला अर्घ्य देण्यास मातीचे पात्र तेवढे उरलेले. पुढे कुबेराने कोशागारात सुवर्णाची वृष्टी केली. राजा ते सारे देऊ लागला, पण कौत्स गुरूंच्या देण्याहून अधिक घ्यावयास तयार होईना. मला ह्या कथेत त्या सुवर्णाचे तेवढे अगत्य वाटत नाही, हिशेबाचे वाटते. किती विद्या मिळाल्या हे शिष्याला ठाऊक होते, आणि तेवढेच देणे त्याने आपल्या शिरावर मानले. आमच्या समारंभात हार पुष्कळ असतात. पण काय मिळाले ह्याचा हिशेब कोणी मांडीत नाही.

जवळच्या काळातील एक उदाहरण प्रसिद्धच आहे. १९२१ साली डॉ. राधाकृष्णन म्हैसूर सोडून कलकत्ता विद्यापीठात जावयास निघाले, तेव्हा त्यांच्या विद्यार्थ्यांनी घोडे सोडून दिले आणि फुलांनी सजविलेली गाडी स्वतः ओढीत स्टेशनापर्यंत नेली. जाणाऱ्या गुरूच्या हाती आता ना गुण होते ना शिफारस. मिळावयाचे ते मिळून चुकल्यावर केलेला मान म्हणूनच खरा. त्यांचा जन्मदिवस, ५ सप्टेंबर, १९६२ पासून आपण शिक्षकदिन म्हणून पाळतो, हे योग्यच आहे.

परंतु शाळा म्हणजे केवळ शिक्षक नव्हेत. आमच्या शाळेत बत्तीस वर्षे शिपाई असलेल्या गृहस्थांना मुले आणि मास्तर सारेच 'मामा' म्हणत. त्यांचाही जन्म, अर्थातच, १ जूनचा. त्यांचा निरोपसमारंभ २०१४ च्या एप्रिलात, मुले शाळेत असतानाच झाला. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी वक्त्यांना आधीच बजावले होते की, कोणीही विशेषण वापरू नये. प्रत्येकाने स्वतः पाहिलेली एकच गोष्ट सांगावी.

गणिताचे शिक्षक उठले आणि फळ्यावर आकडे मांडू लागले. दिवसाला निदान दहा वेळा घंटा, वर्षाला २२० दिवस, आणि बत्तीस वर्षे: एकंदर ७०,४०० वेळा मामांनी तो आढ्याला टांगलेला रुळाचा तुकडा वाजविला. खाली बसताना ते एवढेच म्हणाले, "आपण सर्वांनी त्यावर घड्याळे लावली." मुलांनी आकडा ऐकून टाळ्या वाजविल्या, मामा मात्र संकोचून खाली पाहत राहिले.

त्यानंतर आमचे लेखनिक भाऊसाहेब बोलले. २००५ च्या जुलैतील महापुरात कचेरीत पाणी शिरले, त्या रात्री मामांनी शाळेची जनरल रजिस्टरे एकेक करून माळ्यावर चढविली. ती भिजली असती तर गावातील दोन पिढ्यांच्या जन्मतारखांचा आणि जातींचा पुरावाच नाहीसा झाला असता. मामांचे स्वतःचे घर तेव्हा पाण्यात होते, हे भाऊसाहेबांनी शेवटी सांगितले.

मग एस.टी.चा एक चालक पुढे आला. तो आमचाच जुना विद्यार्थी. तो सांगू लागला, "सातवीत असताना मी डबा आणीत नसे. मधल्या सुट्टीत मामा मला हाक मारीत, 'अरे, घंटा धरायला ये.' घंटेला दुसरा माणूस कशाला लागतो, हे मला बरेच दिवस कळले नाही. घंटेमागच्या खोलीत मामा अर्धी भाकरी मला देत आणि दार लोटून घेत." मी त्याच शाळेत होतो, तोच मुलगा माझ्या वर्गात होता, पण ही गोष्ट मी त्या दिवशी प्रथम ऐकली. सभेत एक क्षण कोणी हलले नाही.

बाईंनी मामींना आपल्या शेजारी बसविले होते. त्यांची ओटी भरून लुगडे दिले. अर्धी भाकरी मामा देत, पण भाजणारा हात कोणाचा, हा त्यांचा प्रश्न सर्वांस पटला. मामांना बोलण्याचा आग्रह झाला, तेव्हा ते उभे राहून म्हणाले, "मला भाषण येत नाही. पावसाळ्यापूर्वी उत्तरेकडच्या खोलीची कौले तेवढी चाळून घ्या."

आता मूळ मुद्दा. त्या दिवशी शाल आणि श्रीफळाबरोबर एक लिफाफाही मामांच्या हाती पडला. भाऊसाहेबांनी दीड वर्ष आधीपासून सेवापुस्तकातील नोंदी तपासून, राहिलेल्या सह्या मिळवून निवृत्तिवेतनाचे प्रकरण मार्गी लावले होते. त्याचा मंजुरी-आदेश त्या लिफाफ्यात होता. हा खरा सत्कार! दुसऱ्या एका शाळेतील मावशींची हकीकत मला ठाऊक आहे. समारंभ थाटाचा झाला, छायाचित्रे निघाली. परंतु सेवापुस्तकात दोन वर्षांच्या नोंदींखाली सही नव्हती, म्हणून पहिले निवृत्तिवेतन हाती पडावयास एकोणीस महिने लागले. त्या मुदतीत मावशींनी ज्या शाळेतून मान घेतला त्याच शाळेच्या पायऱ्या कागदांसाठी किती वेळा चढल्या, ह्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. त्यांच्या हाती जो नारळ पडला तो कोणत्या जातीचा म्हणावा?

आणि ह्या माणसांची परंपराही आता खंडित होऊ लागली आहे. डिसेंबर २०२० मध्ये शासनाने निर्णय काढला की, अनुदानित शाळांतील शिपाई वगैरे पदे रिकामी होतील तशी ती पुन्हा न भरता शाळेस ठोक भत्ता द्यावा. त्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा जाणत्यांनी करावी. मला एवढेच दिसते की, भत्त्यावर आलेला माणूस बत्तीस वर्षे राहत नाही, आणि कोणत्या मुलाने डबा आणला नाही हे कळावयास वर्षे जावी लागतात. जे आज निवृत्त होत आहेत त्यांचा मान आताच केला नाही, तर पुढे करावयास माणूसच उरणार नाही.

निरोप म्हणजे अखेर असेही समजू नये. महर्षी कर्वे १९१४ साली फर्ग्युसन कॉलेजातील गणिताच्या अध्यापनातून निवृत्त झाले. महिला विद्यापीठ त्यांनी काढले ते त्यानंतर, १९१६ मध्ये. सर्वांना असे महत्कार्य साधत नाही. परंतु घरी बसलेल्या मास्तरांच्या कानात पावणेअकराची घंटा कित्येक महिने वाजत राहते, हे मी अनुभवाने सांगतो. अशा वेळी शेजारच्या सूनबाईंनी "काका, आमच्या बाळूला शब्दरूपे सांगाल का?" असे विचारले, तर त्या प्रश्नाचे मोल शालीहून उणे नाही.

म्हणून वाचकांस, विशेषतः घरातील वडीलधाऱ्यांस, माझी विनंती आहे. आपल्या मुलांच्या शाळेतून ह्या वर्षी कोण निवृत्त होत आहे ह्याची चौकशी करावी. त्यांत शिपाई, मावशी आणि लेखनिक ह्यांचीही नावे विचारावीत. शाळेच्या समितीवर आपण असाल तर हाराची वर्गणी काढण्यापूर्वी सेवापुस्तक मागवून पाहावे. रात्री पाने वाढली जात असता मुलांना एकेक गोष्ट आठवावयास सांगावी: विशेषण नको, पाहिलेली गोष्ट. ती कागदावर उतरवून घ्यावी आणि मुलांना बरोबर घेऊन त्यांच्या घरी जावे, सुट्टी लागण्यापूर्वी जावे. नारळ अवश्य न्यावा. पण तो हाती ठेवताना त्या गृहस्थांकडून आपल्या घरास काय मिळाले हे मुलाच्या तोंडून त्यांना ऐकू यावे. म्हणजे तो कोणता नारळ आहे, हे त्यांना निराळे सांगावे लागणार नाही.