कल्ले उचलून पाहावे

पहाटे तीनच्या सुमारास मी टोकियोतल्या एका रस्त्यावर रांगेत उभी होते. ती रांग कुठल्या देवाच्या दर्शनाची नव्हती, मेलेले मासे पाहण्याची होती. देशस्थाच्या घरी जन्मून सारस्वतांच्या घरी पडलेल्या बाईचे पुढे काय काय होते, ते माझ्या माहेरी अजून कोणाला ठाऊक नाही.

२०१८ सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. कॉलेजला सुट्टी होती आणि धाकटे दीर टोकियोत, निशी-कासाई भागात राहतात. निघताना सासूबाई म्हणाल्या, "तो त्सुकिजीचा मासळीबाजार हलवणार आहेत म्हणे. हलायच्या आधी त्या लोकांचे चेहरे बघून ये."

चेहऱ्यांना कारण होते. गिरगावातली आमची चाळ पाडून तिथे मनोरा उठायचा होता. सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या झाल्या होत्या. राहिली होती एक, सासूबाईंची. त्यांचे मन वळवायची कामगिरी दोन्ही चिरंजिवांनी मोठ्या धूर्तपणे माझ्यावर सोपवली होती.

लिलाव पाहायला दिवसाला एकशेवीसच माणसे आत सोडत. "वहिनी, एवढ्या पहाटे गाडी नसते, टॅक्सीनं जायला हवं," असे भाऊजी म्हणाले, आणि टॅक्सीचे भाडे ऐकून मी मनातल्या मनात त्याचे रुपये करणे सोडून दिले. आत गेलो तर ओल्या जमिनीवर गोठवलेल्या कुप्यांच्या ओळीच ओळी. आपल्या कुप्याचे हे थोरले भाऊबंद, माणसाएवढे, अंगावर पांढरे हिव धरलेले. व्यापारी हातात विजेरी घेऊन प्रत्येकाच्या कापलेल्या शेपटीशी वाकत, आतल्या मांसाचा कण बोटांत चुरून पाहत. मग घंटा वाजली. लिलाव पुकारणाऱ्याने एका सुरात काहीतरी गायला सुरुवात केली, चारदोन बोटे हवेत हलली आणि लाखांचा माल विकला गेला. आरडाओरडा नाही, घासाघीस नाही. खरे सांगायचे तर मला थोडे चुकल्यासारखेच झाले.

आतले गाळे पाहुण्यांना दहानंतर खुले होत. मधल्या वेळात शेजारच्या नामियोके देवळात गेलो. लाटा अडवणारा हा देव. त्सुकिजी म्हणजेच भराव घालून केलेली जमीन, तेव्हा असा देव हवाच! त्याच्या आवारात कोळंबीच्या नावाने एक दगड उभा केला आहे, अंड्याच्या नावानेही एक आहे. ज्यांच्यावर पोट चालते त्यांची ही आठवण. आम्ही इतकी वर्षे कोळंबी खातो, पण हे काही आम्हाला सुचले नाही.

गाळ्यांत मात्र जीव मुठीत धरून चालावे लागले. पुढे पिंपासारखे इंजिन असलेल्या गाड्या उभ्याउभ्या हाकत माणसे अंगावर येत होती. सगळी इमारत पंख्यासारखी वळलेली, कारण बांधली तेव्हा मासळी रेल्वेने येई आणि रुळांना वळण लागे. रेल्वे गेली, वळण राहिले. एका गाळ्यात चिंचोळ्या लाकडी खोक्यात बसून एक बाई हिशेब लिहीत होती. तिचा नवरा तलवारीएवढी सुरी पुशीत होता. भाऊजींनी त्याला जपानीत विचारले, नव्या जागेचे काय? तो म्हणाला, "मासे येतील. बर्फ येईल. शेजारी कोण येतो ते बघायचं."

घरी आले तो सासूबाईंचा पहिला प्रश्न, "कल्ले उचलून पाहतात का?"

"कल्ले आधीच काढलेले असतात, आई. शेपटीवरून चरबी बघतात."

"हं." म्हणजे पसंत नाही.

मी माझे काम सुरू केले. हा बाजारही मूळचा तिथला नव्हे, म्हटले. तीनशे वर्षे तो निहोनबाशीला होता. १९२३च्या भूकंपात जळाला, आणि १९३५ साली त्सुकिजीची ही इमारत उभी राहिली.

"भूकंपानं हलवलं," सासूबाई म्हणाल्या. "भूकंपाला सही लागत नाही."

नवी तोयोसूची जागा जुन्या गॅस कारखान्याची. तिथल्या मातीत विषारी द्रव्ये सापडली, म्हणून २०१६ साली व्हायचे स्थलांतर गव्हर्नर युरिको कोइके यांनी पुढे ढकलले होते. हे सांगून मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. "बाईनं अडवलं ना?" सासूबाई खूश झाल्या. मग म्हणाल्या, "आणि सगळाच बाजार जातोय?"

"नाही. घाऊक जातोय. बाहेरची किरकोळ दुकानं तिथंच राहणार."

"म्हणजे दारात बसणारे राहिले." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "आमच्या दारातली कुठे जाईल?"

आमच्या चाळीच्या फाटकाशी पाटी घेऊन बसणारी कोळीण तीस वर्षे तिथे आहे. त्याआधी तिची आई बसत असे. करारनामा मी दोनदा वाचला होता. त्यात मोटारी किती आणि कुठे उभ्या राहतील, सगळे होते. मी मराठीची एम. ए., मुलांना ओळींच्या मधले वाचायला शिकवते. त्या कागदात ती बाई नाही, हे माझ्या लक्षात आले नव्हते.

६ ऑक्टोबरला त्सुकिजीतले व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी त्या इंजिनवाल्या गाड्या शेकड्यांनी रस्ता भरून तोयोसूकडे निघाल्या, त्याची चित्रफीत भाऊजींनी फोनवर पाठवली. सासूबाईंनी ती दोनदा पाहिली. "तो सुरीवाला यात आहे का?" असे विचारले. नव्या बाजारात पाहुण्यांनी काचेआडून लिलाव बघायचा, हे ऐकून त्या काही बोलल्या नाहीत.

दिवाळीनंतर त्यांनी सही केली, एक अट घालून. कोळणीला फाटकाशी जागा, आणि तसे कागदावर. बिल्डरचा माणूस आधी हसला, मग वकिलाला विचारतो म्हणाला. कागदावर ती ओळ आली नाही. तोंडी कबुली मिळाली. तिची तारीख सासूबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहिली आणि ते पान जपून ठेवले.

आम्ही अजून बोरिवलीला भाड्याच्या जागेत आहोत. सासूबाई दर रविवारी माझ्या सोबतीने लोकलने गिरगावात जातात. चाळीच्या जागी पत्र्याचे कुंपण आहे आणि कुंपणाशी पाटी. गेल्या रविवारी त्यांनी सुरमईचे कल्ले उचलून पाहिले, नाक मुरडले, बांगडे घेतले. पैसे कनवटीला लावता लावता कोळीण मला म्हणाली, "ताई, नवं फाटक कुठल्या अंगाला येनार, तेवढं इचारून ठेवा."